जेवणाआधी अर्धा तास

द्वारकेच्या अलीकडं आमचं मेडिकल.
रात्री अकरानंतर शटर अर्धं,
आणि खालून वाकून येतात ते बहुधा पोटाचेच.
डोकेदुखीचा माणूस सकाळपर्यंत कळ काढतो,
पोटाचा काढू शकत नाही.

"ताई, उलटीची द्या."
किती झाल्या?
"मोजल्या नाहीत."
पाणी टिकतं का?
"तेच तर टिकत नाही."
जिभेवर ठेवा, विरघळेल,
थोडा वेळ काही नको, मग चमचा चमचा पाणी.
हे मी झोपेतही बडबडते, नवरा सांगतो.

काल सिन्नरच्या कंपनीतला पोरगा आला,
शर्टावर ग्रीस, काउंटरला पोट टेकवून उभा.
"बंद करणारी गोळी द्या. खाडा पडला तर पगार कापतात."
ताप आहे?
तो पंख्याकडं बघतो.
रक्त पडतंय?
बाजूला डायपर घ्यायला आलेली बाई,
तिच्याकडं बघतो,
मग मान हलवतो, जराशीच.
लोपरामाइडची पट्टी हाताच्या अंतरावर होती,
त्याचा उद्याचा दिवस त्या पट्टीत होता.
नाही दिली.
चोर घरात असताना बाहेरून कडी घालू नये रे, म्हटलं,
ओआरएसची पाकिटं पुढं केली,
सिव्हिलचा रस्ता सांगितला.
"तुमचं काय जातंय," म्हणाला
आणि गेला,
सिव्हिलच्या उलट, नाशिकरोडकडं.

माझे वडील, पुंजाराम आहेर,
एकतीस वर्षं एसटीवर,
त्यातली बावीस वणीच्या गडाचा घाट.
दर वळणाला एक खिडकी उघडायची.
डेपोत पाइप धरून गाडीची कूस धुवायला लागले
की ते धार बघून सांगायचे:
ही भगर, उपासाची.
ही द्राक्षं, न धुतलेली.
ही मिसळ, आपल्याच गावची, वाया गेली बिचारी.
त्यांना स्वतःला कधी मळमळलं नाही.
"स्टेअरिंग धरलेल्याला लागत नाही," म्हणायचे,
"पुढचं वळण त्याला आधी माहीत असतं."

आता त्यांचं जठर चालत नाही.
साखरेनं नसा खाल्ल्या, डॉक्टर म्हणाले, अन्न पडून राहतं.
दुपारची भाकरी रात्री वर येते,
तशीच, ओळखीची.
"न्यूट्रलला पडलीय," ते सांगतात, भेटायला आलेल्यांना.

आधी जी गोळी दिली होती
तिनं तिसऱ्या दिवशी त्यांची मान एकीकडं वळली,
जबडा आवळला, डोळे वर.
शेजारच्या सिंधूकाकू हळदीकुंकू घेऊन धावल्या,
अंगात आलंय म्हणाल्या, इतकी वर्षं गड चढलेला माणूस.
मी पट्टी उलटी करून नाव वाचलं.
मेटोक्लोप्रामाइड.
रात्रीतून कितीदा कापते मी हीच पट्टी, कात्रीनं, सरळ रेषेत.
दवाखान्यात एक सुई दिली, आणि थोड्या वेळानं
मान आपोआप जागेवर आली.
"रिव्हर्स पडला होता," म्हणाले.
मी रडले, ते हसत होते.

आता डोमपेरिडोन.
जेवणाआधी अर्धा तास.
सकाळी सातला मी घरी येते, गोळी देते,
आणि मग आम्ही दोघं बसतो.
आमच्या घरात असा रिकामा अर्धा तास
यापूर्वी कुणाच्या वाट्याला आलेला मला आठवत नाही.
"काल कोण कोण?" ते विचारतात,
आणि मी सांगते, त्यांच्यासारखंच, कुणी काय खाल्लं होतं.

आज पोराचं सांगितलं.
उलटा गेला, म्हटलं, मी दिली असती तर निदान...
ते भिंतीकडं बघत होते,
उजवा हात मांडीवर, गिअरच्या जागी.
"नाशिकरोडकडं ना?
त्या रस्त्यालाही दवाखाना लागतो की. बिटको.
डावीकडं."

त्यांनी ताटाकडं हात नेला.
मी घड्याळ दाखवलं.
सहा मिनिटं अजून.